आईचं नाक: आतून की उघडून

गणपतीला नाक नसतं, सोंड असते. त्यामुळे पेणच्या आमच्या कारखान्यात नाकाचं काम म्हणजे गौरीच्या मुखवट्यांचं काम, आणि ते फक्त बाबा करतात. सोंडेला पॉलिश पेपर कुणीही मारावा. शाळेत असताना मीही मारलाय, वाटेल तसा. पण गौरीच्या नाकाजवळ कुणी पेपर नेला की बाबा कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला असले तरी त्यांना कळायचं, आणि मग त्या माणसाचा दिवस वाईट जायचा.

आमच्या गौरीचं नाक डावीकडे जरासं कललेलं आहे. तो साच्याचा दोष नाही. लग्न झाल्यावर बाबांनी आजोबांचा साचा बाजूला ठेवला आणि स्वतःचा पहिला मुखवटा घडवला, तेव्हा बघून करायला त्यांच्यासमोर एकच चेहरा होता. आईचं नाक डावीकडे, म्हणून गौरीचं डावीकडे. त्या मुखवट्यावरून साचा, साच्यावरून पुढचे मुखवटे, असं करत करत पेणपासून रोह्यापर्यंत कितीतरी घरांत माझी आई भाद्रपदात तीन दिवस पाहुणी जाते. नटते, जेवते, नव्या सुनांकडून ओवशाची भरलेली सुपं घेते, आणि रंग उडाला की काही वर्षांनी कारखान्यात परत येते. निडीच्या एक बाई मध्ये हौसेने दुसरीकडून सरळ नाकाची गौर घेऊन गेल्या होत्या. पुढच्या वर्षी परत आमच्या दारात. म्हणाल्या, ती दिसायला छान होती, पण घरात परकी बाई येऊन बसल्यासारखं वाटत होतं.

हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण आईच्या नाकाच्या ऑपरेशनवरून आमच्या घरात जे झालं ते ऐकणाऱ्याला येडेपणा वाटतो. येडेपणाच होता. पण तो उगाच नव्हता.

आईचं माहेर कासूच्या बाजूला, खाडीकाठी. घरचे सगळे मिठागरावर. लहानपणी बांधावरून पळताना तिचा पाय घसरला आणि ती फावड्याच्या दांड्यावर तोंडावर पडली. रक्त आलं. कुणीतरी जाणत्या माणसाने अंगठ्याने दाबून नाक जागेवर बसवलं, तोंड धुतलं, आणि लोक पुन्हा कामाला लागले. नाक बसलं, पण चुकीच्या जागी बसलं. लग्नाच्या वेळी बाबांच्या आईने त्यावर थोडं नाक मुरडलं म्हणतात, पण बाबांनी तेच नाक पसंत केलं होतं, त्यामुळे विषय मिटला.

मला दिलंय रोह्यात. वरसेला राहते, धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. नवरा दुसऱ्या कंपनीत, शिफ्टला. मध्ये आई माझ्याकडे राहायला आली होती. तिच्या हळू जेवण्याचं आमच्या नात्यागोत्यात फार कौतुक. किती निवांत जेवते बाई, अन्नाचा मान ठेवते, असं बायका म्हणायच्या आणि आपल्या पोरींना तिच्याकडे बोट दाखवायच्या. त्या दिवशी मी तिच्यासमोर बसून पहिल्यांदा नीट बघितलं. ती घास तोंडात घालायची, चावायची, मग चावता चावता थांबायची, तोंड जरासं उघडून श्वास घ्यायची, आणि पुन्हा तोंड मिटून चावायची. ती निवांत बिवांत काही जेवत नव्हती. जेवण आणि श्वास हे दोन्ही तिला एकाच दाराने करायचं होतं, आणि ती आळीपाळीने करत होती.

मी विचारलं, किती दिवस असं होतंय. ती म्हणाली, असं म्हणजे कसं. तिला वाटत होतं सगळे असंच जेवतात. मग खोदून विचारल्यावर बाकीचं बाहेर आलं. सकाळी घसा सुकलेला असतो, कपाळ ठणकतं, सर्दी धरली की महिना महिना जात नाही, आणि गेल्या पावसाळ्यापासून ती दोन उशा लावून बसल्यासारखी झोपते. बाबांना सांगितलंस का, तर म्हणाली, त्यांचा सीझन चालू होता.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिला रोह्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण, बोलायला स्पष्ट. त्यांनी नाकात बारीक दुर्बीण घालून आतलं सगळं पडद्यावर दाखवलं, वर स्कॅन करून घेतलं. लोक म्हणतात नाकाचं हाड वाढलंय. तसं काही वाढत नाही म्हणाल्या. दोन नाकपुड्यांमध्ये एक पडदा असतो, मागे हाडाचा आणि पुढे कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागात हाताला लागतं तसल्या लवचिक हाडाचा. आईचा पडदा पुढच्या टोकाला वाकला होता, वर नाकाच्या कण्यापाशी पिळला होता, आणि मागे जाऊन डाव्या भिंतीला टेकला होता. डाव्या बाजूने हवा जायला जागाच नव्हती.

बाईंचं म्हणणं, हे उघडून करावं लागेल. दोन नाकपुड्यांच्या मधल्या कातडीवर छोटा छेद घ्यायचा, नाकाची कातडी वर उचलायची, म्हणजे पडदा कण्यासकट समोर दिसतो. मग तो सुटा करून सरळ करायचा, आणि परत वाकू नये म्हणून त्याच्याच कूर्चेची पट्टी काढून आधाराला शिवायची. सूज उतरायला महिने जातील. श्वास चांगला येईल. पण कणा सरळ केला की बाहेरचं नाकही बदलणार, ते हुबेहूब पहिल्यासारखं दिसेल असं मी कबूल करणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्यात काहीच वाईट वाटलं नाही. मी घरी येऊन बाबांना फोनवर सगळं आनंदाने सांगितलं.

 बाबांनी पलीकडून एवढंच विचारलं, बदलणार म्हणजे किती.

बाबांच्या डोक्यात मामा होता. आईच्या या भावाचं फार वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालं होतं. त्या काळी वाकडा पडदा सरळ करत बसण्यापेक्षा बराचसा काढूनच टाकायचे. मामाला श्वास उत्तम येतो. पण आधार गेल्यामुळे त्याचं नाक मध्येच खाली बसलंय, आणि जो पडदा उरला त्याला भोक राहिलंय. घरात शांतता असली आणि मामा काही वाचत बसला की त्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजते. त्याला ती ऐकू येत नाही. बाबा त्याच्या समोर बसून ती ऐकायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर आईचं भविष्य दिसायचं.

म्हणून बाबांनी पेणला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. हे म्हातारे, शांत. त्यांचं म्हणणं, आपण उघडायचंच नाही. नाकपुडीतून दुर्बीण घालायची, आतल्या आत छेद घ्यायचा, पडद्यावरचं अस्तर उचलायचं, जो भाग भिंतीला टेकलाय तेवढाच काढायचा आणि अस्तर परत बसवून टाके घालायचे. बाहेर खूण नाही, सूज कमी, माणूस लवकर घरी. नाक दिसायला आहे तसं राहील.

आहे तसं राहील, हे ऐकल्यावर बाबांनी पुढचं ऐकणं बंद केलं. ते हात जोडून उठायलाच लागले होते. मी बसून राहिले आणि डॉक्टरांना विचारलं, डावीकडून पूर्ण श्वास येईल का. ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, मागचं मोकळं होईल, पण पुढच्या टोकाचा आणि वरचा वाक आतून मला फारसा काढता येणार नाही. तिथे जास्त कोरलं तर नाक बसायची भीती. आणि कूर्चेला जुन्या वळणाची आठवण असते, थोडी परत वाकते. सुधारेल नक्की, पण अर्धं समाधान धरा. पुरं हवं असेल तर उघडून करणाऱ्यांकडे जा.

म्हणजे दोन डॉक्टरांत भांडण नव्हतंच. दोघं एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगत होते. मध्ये आतेभावाने मोबाईलवर लेझरने चुटकीसरशी नाक सरळ करण्याचा व्हिडिओ पाठवला, तो मी दोघांनाही दाखवला होता. दोघंही सारखेच हसले. भांडण होतं ते माझं आणि बाबांचं.

मी म्हणायचे, पुरा श्वास मिळत असताना अर्ध्यावर का भागवायचं. बाबा म्हणायचे, एवढी वर्षं भागलंच ना. मी म्हणायचे, शाडू ओली असताना एका बाजूने खरवडून सरळ केली तर वाळताना परत वळते, हे तुम्हीच मला शिकवलंत, मग नाकाचं वेगळं काय. बाबा म्हणायचे, शाडू बिघडली तर मी दुसरी मळतो, हिला कुठून आणू. त्यावर मी नुसता आवाज चढवायचे. आई शेजारी बसून मुखवट्यांना पॉलिश पेपर मारत असायची. नाकं सोडून. तिला काय वाटतं ते आम्हा दोघांनाही विचारायचं सुचलं नाही.

दिवाळीनंतर कारखाना थंड असतो. त्या दिवसांत एकदा बाबा अचानक म्हणाले, बरं, करा उघडून. पण एक अट. ऑपरेशनच्या आधी मी तिच्या चेहऱ्याचा साचा घेणार, आणि तो डॉक्टरीणबाईंना देणार. म्हणजे त्यांना नाक परत कसं बसवायचं ते समोर दिसेल.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बाबा, त्या डॉक्टर आहेत, त्यांना काय ऑर्डर द्यायचीय का तुम्हाला. पण आई म्हणाली, घेऊ दे गो, तेवढंच त्यांचं समाधान. नाक तिचं, त्यामुळे मी गप्प बसले.

आता आमच्या कारखान्यातली एक रीत सांगायला हवी. साच्यात प्लास्टर ओतलं की ते धरेपर्यंत, म्हणजे घट्ट होईपर्यंत, कुणी बोलत नाही, बाकाला धक्का लागू देत नाही, हलत नाही. आजोबांपासूनची शिस्त आहे. लग्न होऊन आल्यापासून आई ती पाळत आलीय. मला सणसणून शिंक आलेली असताना मी ती दाबून धरलीय, कान बधिर होईपर्यंत.

तर बाबांनी आईला बाकावर आडवं केलं. केसांना फडकं बांधलं, चेहऱ्याला खोबरेल चोपडलं, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला. परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून आणला होता, श्वासासाठी. तोंडावर प्लास्टर येणार, त्यामुळे सगळा श्वास नाकाने. मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तेव्हा चेहरा पांढऱ्या थराखाली गेला होता आणि बाबा कडेला ओल्या फडक्याने हात पुसत उभे होते. शिस्तीप्रमाणे कुणी बोलत नव्हतं. मीही नाही. चेहऱ्यातून एकच देठ वर आला होता.

तो डाव्या नाकपुडीत होता.

मला वाटतं मी तो बघून काही क्षण नुसती उभी राहिले. डोकं चालेना. मग आईचा हात दिसला. तिने बाकाची कड धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. ती हलत नव्हती. प्लास्टर धरत होतं, म्हणून ती हलत नव्हती. मी कप तिथेच टाकले आणि धावले. मी हात लावायच्या आत तिचा स्वतःचा हात वर आला आणि तिने कडेला बोटं घालून तो सगळा थर चेहऱ्यावरून ओरबाडून काढला. अर्ध्या भुवया त्याच्याबरोबर गेल्या. उठून बसली आणि तोंड वासून श्वास घेत राहिली. आवाज ऐकवत नव्हता. ओठ निळसर झाले होते.

मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी बाबांना नको नको ते बोलले. दोन दोन डॉक्टरांनी डावी बंद आहे म्हणून सांगितलं होतं, तुम्ही ऐकत होतात की झोपला होतात, असं काहीबाही.  मग हळूहळू बाबांच्या तोंडून कळलं ते असं. साच्यात सगळं उलटं असतं, डावं ते उजवं. साच्यात दिसेल ते मनात उलटवून घ्यायचं, हे बाबा आयुष्यभर करत आलेत. डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म समोर धरून डावी बंद आहे म्हटलं, तेव्हा बाबांना वाटलं हे फिल्म बघून बोलतायत, म्हणजे खरी बंद आहे ती उजवी. आणि बाहेरून बघितलं तर आईची डावी नाकपुडी चांगली गोल, मोठी, आणि उजवी चिरेसारखी. दोन देठ घातले तर नाक ताणतं, आकार बिघडतो, म्हणून त्यांनी एकच घातला, मोठ्या नाकपुडीत. लहान नाकपुडी तेलात भिजवलेल्या कापसाने बंद करून टाकली. म्हणजे जिथून तिचा सगळा श्वास यायचा, तीच.

बाबांनी जमिनीवर पडलेला देठ उचलला. आतून बघितला. कोरडा होता. मग ते आईसमोर उकिडवे बसले.

"इकडून कायच येत नाय?"

"कधीच नाय आला," आई म्हणाली. तिचा श्वास अजून लागलेला होता.

"आनि मला कसा नाय कळला गो?"

आईने चेहऱ्यावरचं प्लास्टर पदराने पुसलं. ती रागावली नव्हती, हे मला अजून आठवतं. तिने सरळ, भाजी संपली म्हणून सांगावं तसं सांगितलं, "तुम्ही भायरून बघता."

साच्याचे तीन तुकडे झाले होते. नाकाचा तुकडा नेमका शाबूत होता, आत वाक स्पष्ट उमटला होता. बाबांनी मनात आणलं असतं तर सांधून घेतला असता, तुकडे सांधणं त्यांच्या हातचा मळ आहे. त्यांनी तो उचलून मागच्या रद्दी प्लास्टरच्या ढिगावर टाकला. मग झाडू घेतला आणि माझ्या फुटलेल्या कपांच्या काचाही गोळा केल्या.

पुढच्या खेपेला दोघं गाडीने रोह्याला आले. मी स्टेशनवर घ्यायला गेले होते. बाबांच्या हातात साचा नव्हता, आईचे रिपोर्ट होते. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दोन्ही रस्ते समजावून सांगितले, आतून केलं तर काय, उघडून केलं तर काय. आणि मग त्यांनी असं काही केलं जे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी आईला विचारलं, तुम्हाला काय हवंय.

आई म्हणाली, उघडून करा, येकदाच काय ते होऊन जाऊ दे. बाईंनी विचारलं, नाक सरळ झालं, वेगळं दिसलं, तर चालेल ना. आई म्हणाली, "मला थोडीच दिसतं ते. ह्यांना दिसतं."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा टेबलाकडे बघत होते.

"नाक कसा बी होऊ दे," ते म्हणाले. "दोन्ही बाजूनी श्वास पायजे."

बाईंनी त्यांना धीर द्यायला सांगितलं की आकार साधारण तोच राहील, फार फरक नाही पडणार. बाबा म्हणाले, ते मी विचारलंच नाही. आणि उठून बाहेर जाऊन बसले.

ऑपरेशन चालू असताना आम्ही दोघं बाहेर बाकावर होतो. समोरच्या भिंतीवर नाकाचा आडवा छेद दाखवणारं रंगीत चित्र टांगलं होतं. बाबा ते खूप वेळ बघत होते. मला वाटलं घाबरलेत. काही वेळाने म्हणाले, गुलाबी फार मारलाय. मी म्हटलं, हो.  मला त्यांचा हात धरावासा वाटत होता, पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांच्या पिशवीचा बंद धरून बसले.

आईला बाहेर आणलं तेव्हा तिच्या नाकावर पांढऱ्या प्लास्टरची लहानशी टोपी होती. बाबा वाकून कडा बघायला लागले. सिस्टरला वाटलं नवऱ्याला माया आलीय. मला माहीत होतं ते काय बघतायत. सरळ होऊन ते म्हणाले, चांगला बसवलाय.

आई माझ्याकडेच राहिली. डोळ्यांखाली काळंनिळं झालं होतं, नाक भोपळ्यासारखं. शेजारणी बघायला यायच्या आणि दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगून जायच्या. एकीने तर आतून केलं असतं तर एवढं सुजलं नसतं असंही सांगितलं. खरंच होतं, नसतं सुजलं. मी चहा न विचारताच तिला दारापर्यंत सोडून आले.

टोपी काढायच्या दिवशी बाबा आले. बाईंनी टोपी काढली, मग पडद्याला आधार म्हणून आत ठेवलेल्या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या दोन्ही बाजूंनी ओढून काढल्या. नाक सुजलेलंच होतं, सरळ की वाकडं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. बाईंनी अंगठ्याने उजवी नाकपुडी दाबली आणि म्हणाल्या, तोंड मिटा, आता घ्या.

आईने श्वास घेतला आणि दचकली.

"आत थंड लागतं गो," ती मला म्हणाली.

बाबा खुर्चीतून उठले. डॉक्टर समोर, सिस्टर समोर, मी समोर. त्यांनी सरळ जाऊन आपली तर्जनी आईच्या डाव्या नाकपुडीखाली धरली आणि उभे राहिले. लागतोय, म्हणाले. मग बोट काढायचंच विसरले. मी खिडकीबाहेर बघायला लागले, तिथे काहीच नव्हतं, एक स्कूटर होती.

त्यानंतर रोज सकाळी उठल्या उठल्या ते तिच्या नाकाखाली बोट धरायचे. शेवटी एके दिवशी आईने फटका मारला, म्हणाली, दूधवाला बघतो.

सूज उतरली तसा आईचा स्वभाव बदलला. एवढी वर्षं सोशीक म्हणून जिची ख्याती, तिला आता वास यायला लागले. मोरीचा येतो, रंगाचा येतो, शेजारच्यांच्या सुकटीचा येतो. बाबांच्या कारखान्यातल्या शर्टाचा तर फारच येतो. इतकी वर्षं मी ह्या माणसाजवळ बसत होते, असं ती मला फोनवर सांगायची, जणू मीच तिची फसवणूक केली होती. आणि ती भराभर जेवायला लागली. बाबांचं अर्धं ताट व्हायच्या आत तिचं झालेलं असायचं. नात्यातल्या बायकांनी कौतुक बंद केलं. एकजण म्हणाली, ऑपरेशनपासून हावरटासारखी जेवते. मी म्हटलं, हो, जेवू दे.

नाकाचं म्हणाल, तर सरळ झालंय, पण अगदी पट्टीने आखल्यासारखं नाही. दिवेलागणीला एका बाजूने उजेड पडला की जुना वाक जरासा दिसतो. मामा बघायला आला होता, म्हणाला काय फरक नाय. त्याची शिट्टी तेव्हा चालूच होती.

मला एकच धाकधूक होती, बाबा आता गौरीच्या साच्याचं काय करणार. विचारायची हिंमत नव्हती. श्रावणात एका रविवारी पेणला गेले, तेव्हा कारखाना भरला होता. एका कडेला नव्या मुखवट्यांची रांग, दुसऱ्या कडेला रंगासाठी परत आलेल्या जुन्या गौरी. नाकं सगळी तशीच, डावीकडे. वाकाला बाबांनी हात लावला नव्हता. लोकांच्या घरी लोकांची सवयीची बाई जायला हवी, एवढंच म्हणाले.

पण ते बारीक ड्रिल घेऊन बसले होते. आमच्या मुखवट्यांना नाकपुड्या म्हणजे नुसते खळगे, त्यांत काळपट रंग भरला की झालं. बाबा त्या खळग्यांना आरपार भोकं पाडत होते. दोन्ही बाजूंना. नव्या गौरींना आणि जुन्यांनाही. एक झाली की मुखवटा उजेडाकडे धरायचे, उलटा करून मागून बघायचे, आणि बाजूला ठेवायचे.

निडीच्या त्या बाई आपली गौर न्यायला आल्या होत्या. त्यांनी मुखवटा हातात घेतला, नाकात डोकावून बघितलं आणि विचारलं, हे कशाला. आमच्या सासूबाईंच्या वेळेपासनं अशीच होती ती.

बाबा ड्रिलवरची भुकटी फुंकत होते. म्हणाले, "तीन दिस बसायचा असतं तिला. श्वास नको?"

बाईंना काय समजलं कोण जाणे, त्यांनी मान हलवली आणि गौर पदराखाली घेतली. बाबांनी पुढचा मुखवटा उचलला. शेजारी आई पॉलिश पेपर घेऊन बसली होती, आता नाकांनाही मारत होती, आणि कुणी ओरडत नव्हतं. तिने वर न बघता म्हटलं, "डाव्या अंगाचा नीट बघा."